टेबलावरची आजी, वॉर्डातली आजी: ॲनाटॉमी शिकवतानाच वृद्धसेवा कशी शिकवावी

“मॅडम, आमच्या बॉडीला मेंटल फोरामेनच नाहीये.”

डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे दान आलेल्या देहांवर शरीररचना शिकवतात तिथे, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या टेबलावरून हा शोध जाहीर होतो. मेंटल फोरामेन म्हणजे खालच्या जबड्यात हनुवटीजवळ असणारं भोक. जाऊन बघावं तर ते असतं, फक्त पुस्तकातल्यासारखं जबड्याच्या मधोमध नसतं. दात पडून वर्षं लोटली की दातांना धरून ठेवणारं हाड झिजत जातं, खालचा जबडा बारीक होतो आणि ते भोक जवळजवळ वरच्या कडेला जाऊन बसतं. बरीच वर्षं माझं यावर ठरलेलं उत्तर होतं: “म्हातारी बॉडी आहे. एज चेंज. सोडून द्या, बोन सेटमध्ये बघा.”

आता मी तिथेच थांबते. त्या भोकातून निघणारी मेंटल नर्व्ह आता कुठे आली? वरच्या कडेला. कवळी कुठे टेकते? त्याच कडेला. मग जेवायला बसल्यावर कवळी काढून वाटीत ठेवणाऱ्या आणि मऊ भातच मागणाऱ्या आजी हट्टी आहेत, की चावताना दर वेळी त्यांची नर्व्ह चेपली जातेय? मुलं गप्प होतात. एकीनं तर त्याच संध्याकाळी गावी फोन लावून आजीला कवळी कुठे टोचते ते विचारलं.

पुस्तकातला देह पंचविशीतला असतो. देहदानातून टेबलावर येणारा देह बहुतेक वेळा सत्तरी-ऐंशीतला असतो, आणि पुढे मुलांना ओपीडीत भेटणार तेही बरेचसे त्याच वयाचे. २०११ च्या जनगणनेतच देशात साठीपुढची माणसं १० कोटींहून जास्त होती. तरी जेरियाट्रिक्स (वृद्धांचं वैद्यकशास्त्र) हा विषय एमबीबीएसला मेडिसिनमध्ये, तोही नंतरच्या वर्षांत येतो. तोवर पहिल्या वर्षात ‘वय म्हणजे बिघडलेली ॲनाटॉमी’ ही समजूत आम्हीच पक्की करून टाकलेली असते. ती कशी टाळायची, याची ही पद्धत पाच-सहा बॅचवर चुकतमाकत बसवलेली आहे. ट्यूटर, असिस्टंट प्रोफेसर आणि उत्साही विद्यार्थी, तिघांनाही ती वापरता येईल.

आधी तास शोधा, परवानगी नंतर

नवीन तास मागायला एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) जाऊ नका, मिळणार नाहीत. आहेत त्याच तासांत बसवायचं. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी ‘अर्ली क्लिनिकल एक्सपोजर’चे (सुरुवातीपासून रुग्णांशी ओळख) ९० तास ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीत वाटून दिले होते. पुढच्या सुधारणांत आकडे थोडे हलले, तेव्हा आपल्या कॉलेजचं चालू टाइमटेबल बघूनच हिशेब करा. शिवाय ‘एटकॉम’मध्ये (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांच्या अभ्यासक्रमात) मृतदेह हाच पहिला गुरू, असा एक भागच आहे. कम्युनिटी मेडिसिनचा कुटुंब दत्तक कार्यक्रम आहे. त्यातल्या बहुतेक घरांत एखादी आजी किंवा आजोबा असतातच. या तीन खिशांतून मिळून वर्षाला १२ ते १५ तास आरामात निघतात. तेवढे पुरतात.

पहिला कट घेण्याआधी देह वाचा

डिसेक्शनच्या पहिल्या आठवड्यात एक अख्खा तास हातात स्कालपेल द्यायचंच नाही. देहाचा मान राखण्याची शपथ झाली, की प्रत्येक टेबलाला एक कोरा कागद द्यायचा आणि डोक्यापासून टाचेपर्यंत जे दिसतं ते लिहायला सांगायचं.

आमच्या एका टेबलावरच्या देहाचं डोकं टेबलाला टेकतच नव्हतं. हॉलमधल्या मामांनी सवयीनं खाली लाकडाचे दोन ठोकळे सरकवले. मी ते काढायला लावले आणि मुलांना खाली वाकून मान आणि टेबल यांतली फट बघायला सांगितली. पाठीला पोक होतं. पुढे कणा उघडला तेव्हा छातीच्या खालच्या मणक्यांपैकी दोन पुढून चेपलेले निघाले, पाचरीसारखे. म्हणजे ही बाई शेवटची काही वर्षं पाठीवर सपाट झोपूच शकली नसणार. तिला दोन उश्या लागत असणार, समोरचं बघायला मान वर करावी लागत असणार, आणि फडताळावरचा डबा काढून द्यायला कुणाला तरी हाक मारावी लागत असणार. हे सगळं एका फटीतून वाचता येतं.

कागदावर हमखास येणाऱ्या गोष्टी: छातीवर मधोमध उभा व्रण आणि पायावर आतल्या बाजूला लांब व्रण (बायपास झालेली आहे, पायातली सॅफेनस व्हेन हृदयाला लावली आहे), कॉलरबोनखाली पेसमेकरचा उंचवटा, धनुष्यासारखे बाहेर वाकलेले गुडघे, माकडहाडावर किंवा टाचेवर बेडसोअरची खूण, न उघडणारी मूठ. पेसमेकर दिसला तर आधी शिक्षकांना सांगायचं, वायर मुलांनी कापायची नाही. शॉक देणारं यंत्र असलं तर धोका असतो.

देहाचं वय, लिंग आणि माहीत असेल तर मृत्यूचं कारण मुलांना सांगावं. नाव नाही, गाव नाही. फोटो तर अजिबात नाही. त्या तासापुरते मोबाइल बाहेर ठेवायला लावते. टेबलांना टोपणनावं पडतात, ती मात्र मी थांबवत नाही. फक्त ती थट्टेची नसावीत.

जोड्या लावा, पण मोजक्या

सगळं शरीर वृद्धापकाळाशी जोडायला गेलात तर मुलं तिसऱ्या आठवड्यात कंटाळतील आणि तुम्ही दुसऱ्याच. मी पाच जोड्या धरते. प्रत्येकीत तीन गोष्टी हव्यात: टेबलावर काय दिसतं, जिवंत माणसात त्याचं काय होतं, आणि आपले हात तिथे काय करतात. तिसरी गोष्ट नसेल तर ती जोडी सोडून द्यावी.

खुबा ही सगळ्यात भरीव जोडी. फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या, मानेला आणि डोक्याला मुख्य रक्तपुरवठा मीडियल सर्कम्फ्लेक्स फीमोरल आर्टरीच्या बारीक फांद्यांतून होतो, आणि त्या मानेला चिकटून वर चढतात. मान मोडली की त्या तुटतात आणि डोकं उपाशी राहतं. पाय आखूड दिसतो आणि बाहेर वळतो. एवढं प्रत्येक मुलाला तोंडपाठ असतं. पुढचा प्रश्न असा विचारा: ऑपरेशन होऊन आजोबा घरी आले, सांधा बदललेला आहे, खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही असं सांगितलंय, आणि घरात संडास भारतीय पद्धतीचा आहे. आता? इथे मुलांना पहिल्यांदा कळतं की कमोडची खुर्ची हीसुद्धा ॲनाटॉमीच आहे. उंची किती हवी? बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत, एवढी. टेप घेऊन हॉस्टेलचे संडास मोजायला पाठवा. हसतात, पण मोजून आणतात.

दुसरी जोडी मेंदूची. म्हाताऱ्या मेंदूच्या खाचा रुंद झालेल्या असतात, मेंदू आक्रसून कवटीपासून थोडा सुटलेला असतो. मेंदूवरून वरच्या मोठ्या सायनसकडे (कवटीखालच्या रक्ताच्या वाटेकडे) जाणाऱ्या शिरा, ब्रिजिंग व्हेन्स, त्यामुळे ताणलेल्या असतात. कवटीचं झाकण उचलताना घाई केली की त्या तुटतात. तिथेच थांबा आणि सांगा की बाथरूममध्ये डोकं हलकंसं आपटलं तरी हेच होऊ शकतं. रक्त हळूहळू साचतं, दोन-तीन आठवड्यांनी आजोबा गुंगीत दिसतात, नावं विसरतात आणि घरचे म्हणतात, “वयच झालंय.” हातांचं काम इथे विचारण्याचं आहे: गेल्या दोन महिन्यांत पडला होता का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? हे दोन प्रश्न आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना पाठ आहेत. एवढ्या एका गोष्टीचा मला खरोखर अभिमान आहे.

प्रोस्टेटची जोडी मुलांना गमतीची वाटते आणि घरी सगळ्यात जास्त उपयोगी पडते. मूत्रमार्गाभोवतीचा भाग वाढून वाट चेपलेली असते आणि आत मूत्राशयाची भिंत जोर लावून लावून दोरखंडांसारखी झालेली असते. बोट फिरवून बघू द्या. मग सांगा, आजोबांची लघवी थेंबथेंब सुटतेय म्हणून घरच्यांनी डायपर आणला, पण मूत्राशय रिकामं नाही, तुडुंब भरून वाहतंय. ओटीपोटावर हात ठेवून बोटांनी वाजवलं तर कळतं. सर्दीच्या काही गोळ्यांनीही अशी लघवी अडते.

गिळण्याचं सविस्तर पुढे येईल. कानाची जोडी मात्र मॉडेलवरच दाखवावी लागते. कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाच्या, पायथ्याशी उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात, आणि वय झालं की तोच भाग आधी जातो. म्हणून ‘स’, ‘श’, ‘थ’ निसटतात आणि ओरडून उपयोग होत नाही. आवाज खाली आणायचा, सावकाश बोलायचं, समोर बसायचं, तोंडावर मास्क असेल तर लांबून तो खाली करायचा.

वृद्धाश्रमात जाताना: आम्ही केलेली चूक

पहिल्या वर्षी मी २५ मुलं एका वेळी नेली, सगळी पांढऱ्या एप्रनमध्ये. आम्ही आत शिरलो आणि व्हरांड्यात एकच लगबग उडाली. फुकट तपासणीचं शिबिर आलंय असं वाटून आजी-आजोबा प्लास्टिकच्या पिशव्यांतून रिपोर्ट, एक्स-रे, गोळ्यांची पाकिटं घेऊन रांगेत बसले. पहिल्या वर्षाच्या मुलांना ईसीजी धरायचा कसा तेही माहीत नव्हतं. एक आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मग आलात कशाला?” मला उत्तर देता आलं नाही. आम्ही चहा घेतला आणि परत आलो.

त्यानंतरचे नियम असे. एका वेळी पाच मुलं आणि एक शिक्षक. एप्रन नाही, गळ्यात स्टेथोस्कोप नाही. आधी एक दिवस शिक्षकांनी एकट्यानं जाऊन सांगायचं की ही मुलं डॉक्टर नाहीत, शिकायला येणार आहेत. औषध देणार नाहीत, सल्लाही देणार नाहीत. कॉलेजच्या पत्राची प्रत संस्थेला, आणि नोंदी पुढे कुठे छापायच्या किंवा मांडायच्या असतील तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधीच. परवानगी मॅनेजरची मिळाली म्हणजे काम झालं नाही. प्रत्येक व्यक्तीला वेगळं विचारायचं, आणि ‘नको’ म्हणाल्या तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या बाबतीत घरच्यांची संमती हवी, आणि तरी त्या क्षणी ती व्यक्ती कुरकुरली तर थांबायचं.

वृद्धाश्रमापेक्षा ज्येष्ठ नागरिक संघ सोपा पडतो. फेस्कॉम या राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाशी जोडलेले संघ गावोगावी आहेत, बागेत किंवा विरंगुळा केंद्रात रोज भेटतात, आणि त्यांना पाहुणे हवेच असतात. फक्त तिथे चालतीफिरती मंडळी भेटतात. अंथरुणाला खिळलेली माणसं बघायची तर मेडिसिन किंवा ऑर्थोचा वॉर्डच बरा.

हाक कशी मारायची हे आधी ठरवून घ्या. वॉर्डात सरसकट ‘आजी, ए आजी, उठ’ चालतं. आमच्या मुलांनी ‘अहो’च म्हणायचं. ६५ वर्षांचे निवृत्त हेडमास्तर ‘आजोबा’ म्हटल्यावर चिडले होते. त्यांना ‘सर’ हवं होतं. विचारा आणि तेच म्हणा.

पहिल्या भेटीत काही मोजायचं नाही. बसायचं, ऐकायचं, आणि निघण्यापूर्वी एकच प्रश्न: दिवसभरात शरीराचं सगळ्यात कठीण काम कोणतं? उत्तरं ऐकून ठेवा, पुढचे तुमचे तास तीच ठरवतील. “उठल्यावर पहिलं पाऊल.” “ब्लाउजचा मागचा हूक.” “पातळ वरण, ठसका लागतो.” ब्लाउजच्या हुकावर मी सबस्कॅप्युलॅरिसचा, म्हणजे हात पाठीमागे नेताना लागणाऱ्या खांद्याच्या स्नायूचा, अख्खा डेमो घेते.

दुसऱ्या भेटीत उठून चालण्याची चाचणी. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. घड्याळ एकाकडे, दुसरा बाजूला हाताच्या अंतरावर, अशक्त बाजू असेल तर त्या बाजूला. फरशी ओली नाही ना, चपला कुठल्या आहेत, आधी बघायचं. आकड्यापेक्षा मला मुलांनी उठतानाच्या अर्ध्या सेकंदाचं वर्णन केलेलं हवं असतं: हात कुठे टेकले, पाय मागे घेतले का, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आलं का. क्वाड्रिसेप्स (मांडीचा पुढचा स्नायू) आणि ग्लुटिअस मॅक्सिमस (नितंबाचा मोठा स्नायू) कमी पडले की शरीर कुठून कुठून उसनवारी करतं, ते तिथे दिसतं.

मावशींना शिक्षक करा

हा भाग कॉलेजात सर्वांत अवघड जाईल आणि सर्वांत जास्त तोच टिकेल. रुग्णाला कूस बदलून देणं, बसतं करणं, भरवणं हे आमच्यापैकी कुठल्याच प्रोफेसरला नीट येत नाही. मलाही येत नव्हतं. मेडिसिन वॉर्डातल्या, निवृत्तीला आलेल्या एका मावशींना मी स्किल लॅबमध्ये बोलावलं. त्या आधी दारातच उभ्या राहिल्या, खुर्चीवर बसायला तयार होईनात. मग आमच्या एका धिप्पाड मुलाला कॉटवर आडवं केलं आणि दोन मुलं त्याला खांद्याला धरून ढकलू लागली, तशा त्या पुढे आल्या. “पेशंटला ढकलू नका. चादरीला ओढा.” ड्रॉ शीट, म्हणजे कमरेखाली आडवी घातलेली चादर, दोन्ही बाजूंनी गुंडाळून घट्ट धरली आणि मावशींनी व एका मुलीनं मिळून त्याला उचलल्यासारखं वर सरकवलं. कातडी घासलीच नाही. मग मी बोलले: माकडहाडावरची कातडी आणि हाड यांच्यामध्ये टेबलावर तुम्ही किती चरबी बघितलीत? काही मिलिमीटर. आत हाड सरकतं आणि कातडी चादरीला चिकटून राहते, तेव्हा मधल्या रक्तवाहिन्या पिळवटतात. मावशींना हे शब्द माहीत नव्हते, कृती माहीत होती.

कुशीवर पूर्ण आडवं केलं तर भार खुब्याच्या उंचवट्यावर येतो, म्हणून ३० अंशच कलतं करून पाठीशी उशी द्यायची. साधारण दर दोन तासांनी बाजू बदलायची. उठवताना हाताला धरून ओढायचं नाही. पक्षाघात झालेल्या खांद्यात सुप्रास्पायनॅटस आणि डेल्टॉइड हे सांधा धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा खाली निसटतो.

याआधी मुलांना एक प्रयोग करायला लावा. कडक टेबलावर २० मिनिटं अजिबात न हलता पडून राहायचं. कुठे दुखायला लागलं त्याची यादी करायची: डोक्याची मागची बाजू, खांद्याची पाती, माकडहाड, टाचा. ही यादी म्हणजेच बेडसोअरचा नकाशा.

दुसरा प्रयोग जेवणाचा. छताकडे बघत लाळ गिळून बघा. आता हनुवटी छातीकडे आणून गिळा. पहिल्यात श्वासनलिकेची वाट उघडी राहते, दुसऱ्यात तिचं तोंड सुरक्षित होतं. म्हणून भरवणाऱ्यानं उभं राहून भरवू नये; रुग्णाला मान वर करावी लागते. समोर त्याच उंचीवर बसायचं, छोटा चमचा, आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी बसतंच ठेवायचं. घास चुकून श्वासनलिकेत गेलाच तर बहुतेक उजव्या ब्रॉंकसमध्ये, म्हणजे उजव्या फुप्फुसाच्या नळीत जातो, ती रुंद, आखूड आणि जास्त उभी असते, हे मुलांना माहीत असतंच. आमटीभात आणून एकमेकांना भरवायला लावा. दुसऱ्याच्या हातून घास घेताना किती लाचार वाटतं, यावर वेगळं लेक्चर लागत नाही.

मावशींना मानधन द्या. टाइमटेबलवर त्यांचं नाव लिहा, ‘इतर’ असं नको. आमच्याकडे यावर बैठकीत तासभर वाद झाला. मानधन मंजूर झालं, नाव छापायला पुढचं वर्ष उजाडलं.

परीक्षेत आणल्याशिवाय काही खरं नाही

मुलं हुशार असतात, जे विचारलं जात नाही ते वाचत नाहीत. दर अंतर्गत परीक्षेत दोन स्पॉटर (समोर नमुना ठेवून विचारलेले प्रश्न) ठेवा: दात नसलेला जबडा आणि ‘या व्यक्तीला जेवताना काय त्रास होईल?’, पाचरीचा मणका आणि ‘हिची झोपण्याची व्यवस्था कशी कराल?’ वायवामध्ये (तोंडी परीक्षेत) कॉटवर एक सहकारी झोपवून ‘याला उठवून बसवा’ म्हणा. गुण हातांना द्या. मायेला गुण देऊ नका. एकदा दिले होते, तर मुलं परीक्षकांसमोर डोळ्यांत पाणी आणू लागली. लॉगबुकात प्रत्येक भेटीचं एक पान पुरे, त्यात नाव-पत्ता नाही, फक्त वय, एक अडचण, त्यामागची रचना आणि आपण काय केलं.

देहदानाचा प्रश्न येणारच

ज्येष्ठांना कळलं की तुम्ही ॲनाटॉमीचे, की कुणीतरी हळूच विचारतंच. मुलांना आधी बजावून ठेवा: आपण होऊन विषय काढायचा नाही. ज्यांच्या घरी शिकायला जातो त्यांच्या देहावर नजर ठेवून आलोय, असं कुणालाही वाटता कामा नये. फॉर्म तर खिशातही नको.

विचारलंच तर खरं सांगावं. आपल्याकडे हे १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याखाली चालतं. हयातीत फॉर्म भरला तरी शेवटी देह नेऊन देणारे घरचेच असतात, त्यांचा विरोध असेल तर कॉलेज ओढून नेत नाही. नेत्रदान आधी करता येतं, त्यासाठी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून लगेच कळवावं लागतं, आणि त्यानंतरही देह स्वीकारतात. पोस्टमॉर्टेम झालेला किंवा एचआयव्ही, कावीळ बी अशा संसर्गाचा देह सहसा घेत नाहीत.

एका संघातल्या आजोबांनी माझ्याकडून हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “माझ्या दोन्ही गुडघ्यांत कृत्रिम सांधे आहेत. चालतील?” म्हटलं, चालतील, मुलांना बघायला मिळतात ते. त्यांनी फॉर्म बारा वर्षांपूर्वीच भरला होता. कुठे ठेवलाय विचारलं तर म्हणाले, बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकर उघडेपर्यंत दहावा होऊन जाईल, असं त्यांच्या मंडळींनीच सुनावलं. दुसऱ्या दिवशी फॉर्म बाहेर आला, मुलाच्या, सुनेच्या आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो गेला, आणि कॉलेजचा नंबर फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबराशेजारी चिकटवला गेला.